चित्र कागदावर, घाम कपड्यावर

मावशींचं उभं आयुष्य नाटकांच्या कपडेपटात गेलं. त्यांची भाची, म्हणजे माझी बायको, कॉलेजात वेषभूषेचा इतिहास शिकवते. कपड्यांचं वेड दोघींना सारखंच. पण एकीच्या हातात कातर, दुसरीच्या हातात पुस्तक, त्यामुळे एकमत म्हणून व्हायचं नाही. या खेपेला निमित्त झालं ते संग्रहालयांत जपून ठेवलेल्या बॅलेच्या पोशाखांचं एक जाडजूड पुस्तक. सर्गेई दियागिलेव नावाच्या रशियन गृहस्थाने 'बॅले रूस' ही मंडळी काढली आणि १९०९ ते १९२९ अशी वीस वर्षं पॅरिस, लंडन, माँटे कार्लो गाजवलं. स्वतः ना नाचणारा ना चित्र काढणारा. पण कोणाकडून काय काढून घ्यायचं, हे त्याला बरोबर कळायचं. बाक्स्ट, रोरिक, पिकासो, मातीस, शॅनेल असे एकेक जण त्याच्या मंडळीच्या पोशाखांसाठी राबले. मावशींचं म्हणणं, यांच्यातल्या एकटीनेच कपडे बेतले. बाकीच्यांनी चित्रं काढली.

संवाद ऐकला तसा देतो आहे. मला राहवलं नाही तिथे कंसात तोंड घातलं आहे.

भाची : हे बघ, 'शेहेरझाद'. जून १९१०, पॅरिसचं ऑपेरा. पोशाख लेऑन बाक्स्टचे. तोवर बॅले म्हटलं की गुलाबी टाइट्स, पांढरा झगा आणि साटनचे जोडे. गोष्ट इजिप्तची असो नाहीतर हिंदुस्थानची, झगा तोच. फार तर कडेला थोडी नक्षी. आणि इथे पडदा वर जातो तर हिरव्याला खेटून निळा, निळ्याला खेटून नारिंगी. घोळदार पायजमे, उघडी कंबर, मोत्यांचे सर. पॅरिस वेडं झालं.

मावशी : चित्र झकास आहे. पण हे चित्र झालं. कपडा दाखव.

भाची : पान उलट.

मावशी : हं. आता बोलू. हे कापड काही भारीतलं नाही. वर रंग मारलाय, ठसे उठवलेत, जरीच्या जागी धातूच्या टिकल्या. लांबून बघणाऱ्याला राजवाडा, हात लावणाऱ्याला मांजरपाट. ज्याने केलं त्याला रंगमंच कळत होता. दिव्याखाली काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे त्याने ताडलं होतं. याला माझे पैकीच्या पैकी.

भाची : म्हणजे बाक्स्टला.

मावशी : बाक्स्टला कशाला? ज्याने रंगात हात घातले त्याला. त्याचं नाव आहे का तुझ्या पुस्तकात?

भाची : सगळ्यांची नाहीत. पण बाक्स्टच्या कागदावर ते रंग शेजारी शेजारी आले नसते, तर त्या हातांनी ते कापडावर उठवले असते का? आणि परिणाम बघ ना. पॅरिसचा सगळ्यात चलतीचा कपडेवाला पॉल प्वारे. त्याने जून १९११ मध्ये 'हजार दुसरी रात्र' नावाची मेजवानी दिली. स्वतः सुलतान होऊन बसला, बायकोला सोन्याच्या पिंजऱ्यात बसवलं. जे पाहुणे साध्या कपड्यांत आले, त्यांना दारातच पौर्वात्य कपडे चढवायला लावले. दोन वर्षांत फेटे, तुरे, पायजमे थेट दिवाणखान्यात आले. रंगमंचाने शहराला कपडे घालायला शिकवलं.

मावशी : आपल्याकडेही बालगंधर्वांची नेसण बघून बायका तशी नेसायला लागल्याच होत्या, त्याच सुमाराला. त्यात नवल नाही. मग हा प्वारे बाक्स्टचे उपकार मानत होता का?

भाची : छे! फेटे मी आधीपासूनच करत होतो, असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. आणि त्यात थोडं तथ्य आहे. बायकांचा कॉर्सेट त्याने १९०६ च्या सुमारालाच काढून टाकला होता.

मावशी : हा तोच ना, ज्याने पुढे घोट्याशी आवळलेला स्कर्ट काढला? बायकांना दोन वीत पाऊल टाकता येईना, तो?

भाची : तोच. हॉबल स्कर्ट. साधारण १९१०.

मावशी : म्हणजे रंगमंचावर पायजमा घालून बाई उड्या मारतेय आणि ती बघायला आलेल्या बाईला घोडागाडीची पायरी चढता येत नाही. ही तुझी क्रांती. छाती सोडवली आणि पाय बांधले!

(हे मावशी सुचून बोलल्या, पण स्वतः प्वारेनेही आपल्या आठवणींत जवळपास हीच कबुली दिली आहे, तीही बढाईच्या सुरात. तेव्हा या मुद्द्यावर त्यांना खोडून काढणं अवघड.)

भाची : अगं, रस्त्यावरची बाई सोड. नाचणारीचं बोलू. कॉर्सेट घालून कमरेतून वाकता येत नाही. हातपाय हलतात, पण धड एका खांबासारखं उभं. इसाडोरा डंकन १९०४ च्या शेवटी सेंट पीटर्सबर्गला आली ती अनवाणी, आत कॉर्सेट नाही, अंगावर झुळझुळीत ग्रीक धाटणीचा अंगरखा. तिथल्या शाही थिएटरात मिखाईल फोकिन नावाचा तरुण नाच बसवत होता. त्याच्याही डोक्यात हेच घोळत होतं. १९०७ मध्ये त्याने 'युनिस' बसवला. गोष्ट प्राचीन रोमची. त्याला नर्तकी अनवाणी हव्या होत्या. शाही थिएटरात अनवाणी नाचायला परवानगी नाही. मग काय केलं असेल?

मावशी : काय?

भाची : टाइट्सवर पायाची बोटं रंगवली. नखांवर लाली लावली, घोट्यांना, गुडघ्यांना छटा दिली. लांबून पाय उघडे वाटावेत म्हणून.

मावशी : (खो खो हसत) हे मला भेटायला हवे होते! असला माणूस आमच्या मंडळीत असता तर त्याला मी सोडलंच नसतं. नियमही पाळला आणि कामही साधलं.

भाची : त्याच फोकिनने पुढे १९१४ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून नव्या बॅलेचे नियम मांडले. मथितार्थ असा की ठरावीक झगा, ठरावीक टाइट्स आणि साटनचे जोडे यांची सक्ती नको. प्रत्येक बॅलेने आपल्या विषयाला शोभेल तो कपडा घालावा.

मावशी : ते मान्य. पण त्या तोकड्या झग्याला, टुटूला, तू नावं ठेवतेस ती मला मान्य नाहीत. तो झगा कोणा चित्रकाराच्या लहरीतून आला नाही. अठराव्या शतकात कामार्गोने घोट्याच्या वर स्कर्ट नेला, कारण तिला पायाचं काम दाखवायचं होतं. १८८५ मध्ये इटलीची झुक्की रशियात गेली. तिथला लांब झगा तिने नाकारला, तोकडाच हवा म्हणून हटून बसली. बघ, कपडा कोणी बदलला? नाचणारीने. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. जिला घालायचाय तिला विचारा.

(वादात मावशींची ही हुकमाची राणी. त्या ती लवकर टाकत नाहीत, आज टाकली. पुढे काय येणार, याचा त्यांना अंदाज नव्हता.)

भाची : एमा लिव्रीला विचारलं होतं.

मावशी : ही कोण?

भाची : पॅरिस ऑपेराची नर्तकी. तालियोनीची लाडकी शिष्या. १८३२ मध्ये तालियोनी 'ला सिल्फीद' नाचली, तेव्हापासून पातळ, पांढऱ्या, ढगासारख्या झग्याची लाट आली. कापड जितकं विरळ तितकी नर्तकी हवेत तरंगल्यासारखी दिसायची. आणि रंगमंचावर उजेड कशाचा, तर गॅसच्या उघड्या ज्योतींचा. झगे पेटायचे. लंडनला १८४४ मध्ये क्लारा वेब्स्टर अशीच गेली. मग फ्रान्समध्ये कार्तेरॉन नावाच्या माणसाने कापड न पेटण्याची प्रक्रिया काढली. तुरटी आणि अशाच क्षारांच्या पाण्यात कापड भिजवायचं. १८५९ मध्ये रंगमंचावरच्या कपड्यांना ती सक्तीची झाली.

मावशी : मग?

भाची : भिजवलेलं कापड ताठ व्हायचं, मळकट पिवळसर दिसायचं. तरंगणं संपलं. एमाने लेखी कळवलं की मी माझ्या जबाबदारीवर साध्याच कापडात नाचीन. १५ नोव्हेंबर १८६२, तालीम चालू होती. बसण्याआधी तिने झगा चुरगळू नये म्हणून वर झटकला. त्या वाऱ्याने शेजारची ज्योत भडकली. आठ महिने ती अंथरुणावर होती. जुलै १८६३ मध्ये गेली. एकवीसही पुरी नव्हती. त्या पोशाखाचे जळके तुकडे ऑपेराच्या संग्रहात अजून आहेत.

मावशी : ...

भाची : जिला घालायचा होता तिलाच विचारलं होतं, मावशी.

मावशी : थांब. मला बोलू दे. पोरीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ताठ कापडात नाचायचं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं; आपल्याला नाही. पण तू म्हणतेस त्यात खोट आहे. तिच्यापुढे दोनच गोष्टी ठेवल्या, ताठ कापड नाहीतर जळणारं कापड. तिसरी कोणी ठेवली नाही. ज्योतीला जाळी लावा, दिवा वर न्या, कापडात दुसरं काही मिसळा. शिंपी आणि दिवेवाला दोघांनी एकत्र बसायला हवं होतं. बसले नाहीत.

भाची : म्हणजे नुसतं नाचणारीला विचारून भागत नाही.

मावशी : ... एवढं कबूल.

(मावशींना कबुली देताना मी फारसं पाहिलेलं नाही. आमच्या हिने मात्र तिथे थांबायला हवं होतं. ती थांबली नाही, आणि पुढच्या दहा मिनिटांत मिळवलेलं सगळं घालवून बसली.)

भाची : तेच मी सांगतेय! बाहेरून कोणीतरी यावं लागतं. चित्रकार यावा लागतो. तो नाचाच्या सवयी मोडतो. १९११ च्या जानेवारीत निजिन्स्की सेंट पीटर्सबर्गला 'जिझेल' नाचला. चित्रकार बेन्वाने काढलेला आखूड अंगरखा, आणि त्याखाली नेहमीची चड्डी घातली नाही, फक्त टाइट्स. राजमाता प्रेक्षागृहात. दुसऱ्या दिवशी त्याला शाही थिएटरातून काढून टाकलं. त्यामुळे तो पुरता दियागिलेवचा झाला. एका चड्डीपायी बॅलेचा इतिहास बदलला!

मावशी : हे ठीक. इथे कपड्याने माणूस मोकळा झाला. आता हे पुढचं पान वाच. हे लोकरीचे आहेत ना?

भाची : हो. 'राईट ऑफ स्प्रिंग'. २९ मे १९१३, थेआत्र दे शांझेलिझे. पोशाख निकोलस रोरिकचे. तेच रोरिक, जे पुढे कुलूच्या खोऱ्यात नग्गरला येऊन राहिले, हिमालय रंगवला. प्राचीन रशियातल्या टोळ्यांचे जाड अंगरखे, त्यावर ठशांची नक्षी. प्रेक्षकांत इतका गोंधळ झाला की नाचणाऱ्यांना वाद्यवृंद ऐकू येईना. निजिन्स्की विंगेत उभा राहून ओरडून मात्रा मोजत होता.

मावशी : मे महिना. फ्लॅनेल. पूर्ण बाह्या. अंगभर. वर उड्या, त्याही जमिनीवर पाय आपटत. (पान जवळ धरून) मुंढा बघ किती खाली आलाय. सरळ तुकडे जोडलेत, कळी घातलेली दिसत नाही. हात वर नेला की अख्खा अंगरखा वर येणार.

भाची : पण या नाचात हात वर न्यायचेच नव्हते! पाय आत वळलेले, खांदे पडलेले, मूठ गालाशी. जडपणाच हवा होता. निजिन्स्कीला पक्षी नको होते, माती हवी होती. रोरिकच्या कपड्याने ते साधलं. हा कपडा त्या नाचाला चुकीचा आहे, असं तू म्हणूच शकत नाहीस.

मावशी : नाच जड हवा, म्हणून नाचणारा उकडून काढायचा? जड दिसणं वेगळं, जड असणं वेगळं. तुझ्या 'शेहेरझाद'मध्ये टिकलीचं सोनं केलं ना? मग इथे पातळ कापडाची लोकर का नाही केली?

(हिला उत्तर सुचलं नाही. मला वाटतं, उत्तर आहे: रोरिक पुरातत्त्वाचे अभ्यासक होते, त्यांना खरेपणा हवा होता. पण खरेपणाचं बिल नाचणाऱ्यांच्या पाठीवर फाटलं, हे मावशींचं म्हणणं त्याने खोडलं जात नाही.)

भाची : बरं. मग पाव्हलोवाकडे बघ. ती तुझ्या पंथाची. दियागिलेवबरोबर थोडं नाचली आणि स्वतःची मंडळी घेऊन जगभर निघाली. नवे पोशाख, नवं संगीत, काही नको. हंसाचा तो पांढरा टुटू मरेपर्यंत सोडला नाही. आपल्याकडेही येऊन गेली, १९२२-२३ च्या दौऱ्यात. परत गेल्यावर १९२३ मध्ये लंडनला तिने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर एक बॅले केला, आणि राधाकृष्णाचा एक नाच, त्यात कृष्ण झाला तरुण उदय शंकर.

मावशी : मेनकाबाईंनाही तिनेच सांगितलं होतं ना, की तुमचाच नाच धरा म्हणून?

भाची : हो, मॅडम मेनकांना तिने प्रोत्साहन दिलं. पुढे खंडाळ्याला त्यांची शाळा निघाली.

मावशी : मग? जुना झगा घालून जगाला नाच दाखवलाच ना तिने?

भाची : दाखवला. पण तिचे जोडे जुने नव्हते. मिलानच्या निकोलिनीकडून यायचे. तिचा पाय कमानदार, नाजूक. जोड्याचा पुढचा भाग तिला रुंद आणि आतून टणक लागायचा. तसा करून घ्यायची. आणि फोटो छापायला देताना ते टोक बारीक करून घ्यायची.

मावशी : म्हणजे नवं केलं, पण दिसू दिलं नाही. अशा बाईला मी मानते. तुझ्या बाक्स्टने उलटं केलं.

'परेड'वर दोघी फार थांबल्या नाहीत. १९१७ मध्ये पिकासोने दोन पात्रांना दहा फूट उंचीचे पुठ्ठ्याचे मनोरे चढवले. आतल्या नर्तकाला पाय आपटण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. "तो पोशाख नाही, नेपथ्य आहे, आत माणूस ठेवलाय इतकंच," असं म्हणून मावशींनी पान उलटलं, आणि हिनेही आश्चर्य म्हणजे हरकत घेतली नाही. खरी लढाई पुढच्या पानावर होती, हे दोघींना कळत असावं.

भाची : आता ही तुझी लाडकी. शॅनेल. 'ल त्रँ ब्ल', म्हणजे निळी आगगाडी. २० जून १९२४. कॅलेहून दक्षिणेच्या समुद्रकिनाऱ्याला श्रीमंतांना नेणारी आलिशान गाडी होती, तिचं नाव. रंगमंचावर मात्र गाडी दिसतच नाही. गोष्ट कॉक्तोची, संगीत दारियुस मियोचं, नाच निजिन्स्का बाईंनी बसवला, म्हणजे निजिन्स्कीच्या बहिणीने. समुद्रकिनारा, पोहणारे, एक टेनिस खेळणारी, एक गोल्फवाला. टेनिसवाली म्हणजे सुझान लाँग्लेनची नक्कल, गोल्फवाला म्हणजे इंग्लंडचा युवराज. आणि शॅनेलने नाटकी पोशाख केलेच नाहीत. खरे पोहण्याचे कपडे, खरे खेळाचे कपडे. विणलेल्या लोकरीचे. बॅलेच्या रंगमंचावर लोक जसे रस्त्यात, किनाऱ्यावर दिसतात तसे आले. याहून मोठा बदल कोणता?

मावशी : हा बदल कशामुळे झाला ते आधी सांग. कल्पनेमुळे?

भाची : आणखी कशामुळे?

मावशी : अगं, तूच मागे वाचून दाखवलं होतंस. १९२१ मध्ये लंडनला 'स्लीपिंग प्रिन्सेस' केलं. बाक्स्टचेच पोशाख, शेकड्यांनी, मखमल, सॅटिन, फर. शंभरावर प्रयोग होऊनही खर्च निघाला नाही. थिएटरच्या मालकाने कपडे-पडदे सगळं ठेवून घेतलं. कर्जात बुडालेल्या मंडळीला साधेपणा सुचतोच. मी अशा मंडळ्या पाहिल्या आहेत. पहिल्या अंकात शालू, तिसऱ्या वर्षी सगळं नाटक प्रतीकात्मक!

(हे फार अन्यायाचं नाही. शॅनेलच्या विणलेल्या कापडाची गोष्टही अशीच आहे. महायुद्धात चांगलं कापड मिळेना, तेव्हा १९१६ मध्ये तिने रोदिए या कारखानदाराकडून जर्सी उचलली. तोवर ती पुरुषांच्या आतल्या कपड्यांना वापरत. टंचाईतून निघालेल्या कापडाला तिने श्रीमंतांच्या अंगावर चढवलं.)

भाची : कारण काहीही असो, परिणाम बघ. विणीचं कापड ताणतं. शरीराबरोबर जातं. तुझ्या सगळ्या तक्रारी मिटल्या. मुंढा नको, कळी नको.

मावशी : हो का? मग त्या गुलाबी पोशाखातल्या पोरीचं काय झालं ते वाच की.

भाची : (नाइलाजाने) लिडिया सोकोलोवा. नाव रशियन, पोर इंग्लंडची. तिने आठवणी लिहिल्यात. पोहण्याचा पोशाख लोकरीचा, ढगळ. तिला हवेत फेकायचं आणि जोडीदाराने झेलायचं होतं. जोडीदार व्होइझिकोव्स्की. त्याला पकडायला काही सापडेना.

मावशी : सापडणार कसं? झेलणारा कमरेला धरतो. तिथे घट्ट अस्तराची चोळी असली तर बोटं रुततात, आतलं शरीर हाताला लागतं. टुटूची चोळी ताठ असते ती काय बाईला छळायला? ती पुरुषाची मूठ आहे. ढगळ विणकाम हातात येतं आणि बाई निसटून खाली जाते. आणि तिच्या कानात काय होतं?

भाची : मोठे मोत्यांचे बुंदे. खोटे. ते पुढे फॅशन झाले. चिनी मातीचे गोळे, वर मेणाचा लेप.

मावशी : जड?

भाची : जड. आणि कान झाकला गेल्यामुळे संगीत नीट ऐकू येत नव्हतं, असं ती म्हणते.

मावशी : झालं तर मग. नाचणारीला ऐकू येत नाही, झेलणाऱ्याला धरता येत नाही, आणि पॅरिस म्हणतंय वाहवा. जी एकटी खरी शिंपीण होती, तीही चुकली. कारण तिने पोहणारीचा कपडा केला. पोहणारीला कोणी झेलत नसतं.

(या ठिकाणी ताटं मांडली गेली असती तर निकाल मावशींच्या बाजूने लागला असता. मीही मनात तसाच लावून ठेवला होता. पण आमच्या हिने एक पान राखून ठेवलं होतं.)

भाची : १९२९. 'अपोलो'. नाच जॉर्ज बालांचीनचा, संगीत स्ट्राविन्स्कीचं. आदल्या वर्षी आला तेव्हा पोशाख बोशाँ या चित्रकाराचे होते. ते बाजूला ठेवून दियागिलेवने शॅनेलला पुन्हा बोलावलं. हे बघ.

मावशी : (बराच वेळ बघून) साधा अंगरखा. आणि हे काय गुंडाळलंय?

भाची : पुरुषांचे नेकटाय. शार्वे नावाच्या दुकानाचे. छातीखाली आणि कमरेला आवळून बांधलेत.

मावशी : असं. म्हणजे कापड मोकळं, आणि जिथे हात पडतो तिथे पट्टा. झेलणाऱ्याला पकड मिळाली. शिकली गं बाई.

भाची : मग सगळे चित्रकार-कपडेवाले नाचणाऱ्यांचे वैरी नव्हते.

मावशी : नव्हते. जे दुसऱ्यांदा आले ते नव्हते. पहिल्या खेपेला सगळेच चित्र काढतात.

भाची : आणि आणखी ऐक. हाच बालांचीन १९४६ मध्ये न्यूयॉर्कला 'फोर टेम्परामेंट्स' करतो. कुर्ट सेलिगमान या चित्रकाराचे पोशाख. इतके अवजड की खाली नाच दिसेना. १९५१ मध्ये त्याने ते सगळे उतरवले आणि नर्तकांना तालमीच्या कपड्यांत उभं केलं. अंगाला चिकटलेलं विणकाम, टाइट्स, बस्स. आज तो नाच तसाच होतो. म्हणजे शॅनेलचं विणकामच जिंकलं ना शेवटी?

मावशी : शॅनेलचं कसलं? विणलेला अंगाबरोबरचा कपडा झुल्यावर उड्या मारणाऱ्या लेओतारने १८५९ लाच घातला होता पॅरिसच्या सर्कशीत. डोंबाऱ्याचा कपडा आहे तो. डोंबाऱ्याला जीव वाचवायचा असतो, म्हणून त्याचा कपडा कधी चुकत नाही.

भाची : हे मात्र तू मला आवडेल असं बोललीस.

मावशी : आणि टुटू गेला का?

भाची : नाही. १९५० मध्ये त्याच बालांचीनसाठी कारिन्स्का बाईंनी नवा टुटू केला. आधीच्यात तारेचं कडं असायचं, झगा ताटासारखा हलायचा, शेजारणीला लागायचा. यांनी तार काढली, आखूड जाळीचे थर एकावर एक सैल टाक्यांनी अडकवले. आणि चोळीचे बाजूचे तुकडे...

मावशी : उरेब कापले असतील.

भाची : तुला कसं कळलं?

मावशी : उरेब कापडच श्वासाबरोबर ताणतं. दुसरा उपाय नाही. ताठ हवी आणि श्वासही घ्यायचाय, तर मधले तुकडे उभ्या धाग्यावर, बगलेखालचे उरेब. हे चित्रात दिसत नाही. आता मला या पुस्तकातला एक फोटो दाखव, ज्यात कपडा उलटा करून ठेवलाय.

असे फोटो त्या पुस्तकात थोडे होते, पण होते. अस्तरावर घामाचे डाग, कमरेशी सोडलेल्या आणि पुन्हा घातलेल्या शिवणी, आणि पट्टीवर शाईने लिहिलेली नावं. एक खोडून दुसरं, दुसरं खोडून तिसरं. एकच कपडा किती जणांनी घालून नाचला, हे त्यावरून कळतं. मावशींनी त्या एका पानावर जितका वेळ घालवला, तितका आधीच्या सगळ्या पुस्तकावर घालवला नाही. आमची ही शेजारी वही घेऊन बसली आणि त्या सांगतील ते लिहून घेऊ लागली. कुठली शिवण मुळातली, कुठली नंतरची, कुठे कोणाचं पोट सुटलं होतं आणि कोणी उंच होतं.

वादाचा निकाल द्यायचाच तर मी असा देईन. 'शेहेरझाद' आणि 'अपोलो' उत्तीर्ण. 'राईट ऑफ स्प्रिंग' चित्र म्हणून पहिल्या वर्गात, कपडा म्हणून काठावर. 'निळी आगगाडी' रस्त्यावर पास, रंगमंचावर नापास. एमा लिव्रीच्या बाबतीत निकाल देण्याचा अधिकार माझा नाही.

नृत्यनाट्यं बसवणाऱ्या मंडळींना मात्र विनंती आहे. पोशाखाचं चित्र पसंत करण्याआधी शिवणाऱ्याला एकदा तालमीला बोलवा, दिवेवाल्यालाही बोलवा. आणि पहिल्या फिटिंगला नाचणारीला आरशासमोर उभी करू नका. तिला उडी मारायला सांगा, आणि झेलणाऱ्याला विचारा की हाताला काय लागलं.